ज्ञानदाच्या डोळ्यातले बाबा

चि. संकेत,

कॅमेऱ्यात कार्ड सापडणार नाही. ते घेऊन मी सोडाल्याच्या बाजारातल्या फोटोवाल्याकडे गेलोय. कार्ड भरलंय म्हणून उद्याच्या सहलीआधी तू जुने फोटो पुसणार होतास ना? चिडण्याआधी जरा माझ्याबरोबर कल्पना कर.

काल संध्याकाळी ज्ञानदा पलंगावर कॅमेरा घेऊन बसली होती. बाबा सीमेवर निघाले त्या सकाळी अंगणात त्यांनी तिचा अगदी जवळून फोटो काढला होता. तोच ती बघत होती, ज्याला तू म्हणालास, "नुसतं नाक आलंय, उडवून टाकू." घरातले सगळे फोटो बाबाच काढायचे, म्हणून बाबांचा एकही नाही. पोर झूमची कळ दाबत गेली. नाक गेलं, गाल गेला, पडदाभर एकच डोळा उरला. त्याच्या काळ्या बाहुलीत एक चिमुकला माणूस उभा होता, दोन्ही हात चेहऱ्याशी धरून.

"आबा, म्हणजे हे बाबा आहेत?"

मी चष्मा पुसून पाहिलं. डोक्यावरची टोपीसुद्धा ओळखू येत होती! इतकी वर्षं फळ्यावर डोळ्याची आकृती काढून शिकवत आलो, पण डोळ्यात असं अख्खं अंगण मावलेलं कधी पाहिलं नव्हतं.

तो फोटो मोठा करून आणतो, मग कार्ड तुझं. पोहे झाकून ठेवलेत.

आणि ज्ञानदाने पुढे काय केलं? कॅमेरा माझ्या हातात देऊन ती आरशाकडे पळाली, बोटाने खालची पापणी ओढली आणि म्हणाली, "थांबा आबा, अजून आहेत का बघते."

आबा