खुर्चीवरच्या राखाडी स्वेटरबाबत

मी, विमा कचेरीच्या दावे विभागातून निवृत्त झालेली कारकून, गुडघ्यांनी कुरकुरत असले तरी डोक्याने ठणठणीत आहे. शेजारच्या दंतवैद्यांनी तसे तपासून सांगितले आहे. दुसरे डॉक्टर मोकळे नव्हते. कुणाच्याही धाकाशिवाय, स्वतःच्या अक्षरात, माझ्या माघारी काय कुणाचे ते लिहून ठेवते.

कलम १. बँकेतली शिल्लक आमच्या ह्यांना. त्यातून आधी चष्मा बदलावा. हल्ली ते मला फ्रिज समजून विचारतात, "दूध आहे का?"

कलम २. विणायच्या सुया आणि लोकरीची टोपली नात पिटुकलीला.

कलम ३. राखाडी स्वेटर. याची हकीकत सांगणे भाग आहे.

कॉन्व्हेंटमध्ये आमच्या विणकामाच्या सिस्टर शाल खुर्चीवर टाकून गुलाबांना पाणी घालायला जात. अख्खा वर्ग त्या शालीसमोर चिडीचूप बसे. नोकरीत मी तेच केले. मुलगी शाळेतून यायच्या वेळी स्वेटर खुर्चीवर चढवायचा आणि मागच्या जिन्याने घर गाठायचे. माझे काम मी त्याआधीच उरकलेले असे. पण साहेबांना काम नको होते, बसलेले माणूस हवे होते.

स्वेटरची भरभराट झाली. बैठकीत साहेब विचारत, "बाई, हरकत नाही ना?" स्वेटर गप्प, म्हणजे मंजूर. तणावमुक्तीच्या शिबिरात त्याच्या शांतपणाचे कौतुक झाले. त्याला दोनदा बढती मिळाली, मला एकदाही नाही. निरोपाच्या दिवशी पुष्पगुच्छ त्याच्यापुढे ठेवला गेला. मी दारात उभी होते, तर साहेब म्हणाले, "आपल्याला कोणाला भेटायचंय?"

म्हणून कलम ४. "आनंदी कर्मचारी" असे छापलेला, कानतुटका कप त्या साहेबांना. चहा गळतो. त्यांना कळू नये.

कलम ५. राहते घर. हे माझ्या एकुलत्या मुलीला द्यायचे, पण अट आहे.

मुलगी काचेच्या इमारतीत नोकरी करते. तिथे झोपायला आरामखोली आहे, हसायला प्रशिक्षक आहे. घरी जायला मात्र परवानगी लागते. मी स्वेटर देऊ केला तर म्हणाली, "आई, आमच्याकडे कुणाची खुर्चीच ठरलेली नसते. रोज मिळेल तिथे बसायचं. तुझं काय, तुझा जमाना सोपा होता."

गेल्या आठवड्यात जेवताना पाहिले, पिटुकलीने आईचा गाऊन टेबलाच्या खुर्चीवर चढवला होता.

"आई, भाजी वाढू?" तिने गाऊनला विचारले. मग मला समजावले, "आजी, ती गप्प आहे, म्हणजे हो."

मी त्याच संध्याकाळी वकिलांना फोन केला. ते आज आले.

अट अशी: मुलीने संध्याकाळचे जेवण पिटुकलीशेजारी बसून जेवावे. जमत नसेल, तर घर राखाडी स्वेटरच्या नावे करावे. तो निदान खुर्चीत असतो.

वकील म्हणाले, "बाई, स्वेटरच्या नावावर घर होत नाही."

"बढती होते, मग घराला काय धाड भरली?"

मुलीला फोन लावला. "आई, मीटिंग आहे. तुला मृत्युपत्र आजच सुचलं?"

"मरण काय तुझ्या साहेबांना विचारून येणार आहे? सही करायला ये."

तिने फोन ठेवला. वकिलांनी अट जशीच्या तशी लिहून घेतली.

सह्या करायला बसलो आणि दार वाजले. बाहेर अजून उजेड होता. मुलगी उभी, थंडीने दात वाजताहेत, अंगावर कोट नाही.

"अगं, कोट कुठाय?"

"खुर्चीवर ठेवून आले."

"कुठल्या खुर्चीवर? तुमच्याकडे तर ठरलेली नसते!"

"एकच ठरलेली आहे. साहेबांची." ती आत येत म्हणाली. "ते फोनवर बोलायला बाहेर गेले होते. निघताना काचेतून पाहिलं, ते परत आले तेव्हा सगळे कोटाला आकडे समजावून सांगत होते. ते बिचारे मागे उभे राहिले."

पिटुकलीने आजही चढवलेला गाऊन खुर्चीवरून ओढून खाली टाकला.

कलम ५ मधील अट रद्द. घर बिनशर्त मुलीचे. राखाडी स्वेटर तिच्या अंगावर आहे. तो तिने आता काढू नये, म्हणजे जेवण होईपर्यंत.

साक्षीदार: १. शेजारचे दंतवैद्य. २. आमच्या कचेरीचे निवृत्त लिफ्टवाले, ज्यांनी मागच्या जिन्याबद्दल कधी तोंड उघडले नाही.

स्थळ: जेवणाचे टेबल. ताटे मांडायची असल्याने सही घाईत केली आहे.
दिनांक: आजचा बुधवार, मुलगी दिवसाउजेडी घरी आली तो.