न्हाणीघराचं दार

मी डेंटन मलिन्स, वय चोवीस, मूळ राहणार लॉरेल दरी, वेस्ट व्हर्जिनिया, सध्या नॉर्थ डकोटात तेलविहिरीवर कामाला, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणी मानगूट धरलेली नसताना हे लिहून ठेवतो. शाळा नववीत सुटली, तरी अर्थ लागावा. परवा शेजारी उभा असलेला माणूस पाइपाखाली गेला, म्हणून आजच.

१. दरीतलं माझं ट्रेलरचं घर व त्याखालची जमीन विल्मामावशीला मिळावी. थोरला भाऊ शेन याच्या नावावर काही करू नये, तो छताचा पत्रासुद्धा विकून नशेची सुई घेईल. मात्र तो जिवंत आहे तोवर त्याला तिथून हाकलायचं नाही, ही अट. "घराबाहेर काढा, आपोआप शुद्धीवर येईल," असं पाद्री सांगतात. ज्यांनी ऐकलं त्यांची पोरं डोंगरावरच्या स्मशानात आहेत.

२. न्हाणीघराचं दार मी काढून शेडमध्ये ठेवलं आहे. ते परत लावू नये. आई नशेत, त्याच बंद दाराआड गेली. नळ चालू होता, म्हणून आंघोळ चाललीय समजून आम्ही बाहेर जेवत बसलो. मावशी म्हणते, "अरे मेल्या, मी बाईमाणूस, मी कुठे जाऊ?" मावशी, पडदा लाव.

३. फाटकाच्या खांबावर निळी पेटी आहे. तिच्यातला फवारा नाकात मारला की नशेने श्वास थांबलेला माणूस परत येतो. आधी ती चर्चच्या भिंतीवर होती. "असल्या पेटीमुळे असली माणसं येतात," म्हणून गावच्या कौन्सिलने काढायला लावली. माझी सगळी हत्यारं विकून ती भरत राहावी. दुखण्यावरच्या गोळ्या विकून दरीला व्यसन लावणाऱ्या औषधकंपन्यांनी दिलेल्या भरपाईतून शेरीफसाहेबांना नवी गाडी आली. गाडी झकास आहे, शेन तिच्यात बसून आलाय. व्यसन सोडवायच्या दवाखान्यात खाट मागितली तर बाई म्हणाल्या, "नाव घेते, राजा, फोन करू." फोन आला तेव्हा शेन तुरुंगात होता. खाट दुसऱ्याला गेली.

४. मे महिन्यात थडगी साफ करून सगळे तिथेच जेवायला बसतात. तेव्हा आईच्या थडग्याशी बटाट्याचं सॅलड वाढताना "हृदयाने गेली हो" असं मावशीने यापुढे सांगू नये. ऐकणाऱ्यांचीही पोरं हृदयानेच गेलेली असतात.

एवढं लिहून साक्षीसाठी इथल्या छावणीतल्या ओडेगार्डकाकांना दिलं. ते म्हणाले, "आणि भाऊ तुझ्याआधी गेला तर?"

"नाही जाणार."

"बरं. तरी लिही, बाळा."

म्हणून लिहितो.

५. शेन माझ्याआधी गेला, तर कलम दोन रद्द समजावं. मावशी, दार बसवून घे. स्क्रू कॉफीच्या डब्यात आहेत. बिजागऱ्यांना मी निघतानाच तेल घालून ठेवलंय.

सही: डेंटन मलिन्स
ठिकाण: कामगार छावणी, नॉर्थ डकोटा
तारीख: ९ मार्च २०२३

समक्ष सही केली, शुद्धीत होता:
१. हॅल्वर ओडेगार्ड
२. एफ्रेन झुनिगा