ह्यांच्या श्राद्धाचे वडे आणि माझी गोळी

यशवंतपूर, बेंगळूर

ती. अक्का,

साष्टांग नमस्कार (गुडघे वाकत नाहीत, तेव्हा मनातल्या मनात घातला आहे, तो पोचला असं समज). भावोजींची साखर आणि तुझी कंबर ताळ्यावर असावीत. इथे अद्वैत रोज हेब्बाळला ऑफिसात जातो आणि ट्रॅफिकमध्ये म्हातारा होऊन परत येतो. (द्वैतवादी माध्वांच्या घरात मुलाचं नाव अद्वैत ठेवलं ह्यांनी, मामंजींनी त्याला शेवटपर्यंत ‘बाळ’ म्हणूनच हाक मारली.)

परवा फोनवर तू म्हणालीस, वेड्यांच्या गोळ्या बंद कर, नाहीतर श्राद्धाच्या स्वयंपाकाला हात लावू नकोस आणि मीही येणार नाही. फोनवर तुझ्यापुढे बोलायला जागा मिळत नाही, म्हणून हे पत्र.

मागल्या श्राद्धाचं तुला अर्धंच ठाऊक आहे. पहाटे आंघोळ करून, सोवळं नेसून मी मडीत शिरले आणि तांदूळ धुवायला घेतले. धुतले. मग वाटलं, ज्या नळाला हात लावला तो नळ कुठे धुतला होता? नळ धुतला, मग हात, मग पुन्हा तांदूळ. ऊन डोक्यावर आलं तरी चुलीवर काही नव्हतं. श्राद्ध सांगायला आलेले बिंदुमाधवाचार ओल्या पंच्यात शिंकत बसले होते. शेवटी अद्वैतने त्यांना गाडीत घातलं आणि मठात जाऊन सगळं उरकलं. हे जन्मभर पीण्या वसाहतीतल्या कारखान्यात घरचाच डबा खाणारे, आणि गेल्यावर मठाच्या पंगतीत परक्याच्या हातचं जेवले. ते अजून माझ्या घशाखाली उतरत नाही.

गल्लीतल्या आपल्या बायका मात्र म्हणायच्या, मडी असावी तर सुनंदाबाईंसारखी. दोघीतिघी तर शिकायला आल्या होत्या. मी त्यांना नळ धुवायला शिकवलं. (टँकरवाला खूष होता.)

हे होते तोवर निभलं. बाहेर जाताना मी गॅसपाशी परत वळले की हे चपला घालता घालता म्हणत, ‘बंद आहे, सुनंदा.’ मग मी निघत असे. ते गेले आणि बंद आहे म्हणून सांगणारं कोणी उरलं नाही, तेव्हा मी घराबाहेर पडणंच सोडलं.

अद्वैतने डॉक्टरबाईंकडे नेलं. मी त्यांना ठणकावलं, आमच्यात मडी असते, तुम्हाला ते कळायचं नाही. त्या म्हणाल्या, ‘माझी अज्जीपण मडीत असायची, अम्मा. पण ती आंघोळ करून बाहेर यायची. तुम्ही बाहेरच येत नाही.’ (यावर तुला उत्तर सुचलं तर कळव.)

औषधाच्या दुकानदाराने सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं, ‘अम्मा, हे डिप्रेशनचं. स्वल्प मळमळेल.’ डॉक्टरबाईंनी समजावलं होतं की उदासीवरची हीच गोळी या धुण्या-तपासण्यावरही चालते, फक्त मात्रा बहुधा जास्त लागते आणि गुण सावकाश येतो. डब्यातला कागद मी भिंग लावून शेवटपर्यंत वाचला. एवढी संकटं एका जागी पुराणातही नाहीत. माझ्या वाट्याला मळमळ आली आणि जांभया. बिंदुमाधवाचारांच्या पुराणाला समोर बसून मी इतक्या जांभया दिल्या की त्यांनी प्रल्हादाला आगीतून घाईघाईने बाहेर काढलं. बायका अजून माझे आभार मानतात.

गोळीबरोबर अभ्यासही असतो. गॅस एकदाच बघायचा आणि परत न वळता निघायचं. पहिल्या दिवशी मी धावत जाऊन रिक्षात बसले आणि रडायला लागले. रिक्षावाला म्हणाला, ‘सरी अम्मा, ठीक आहे, पण जायचं कुठे?’ मलाही माहीत नव्हतं. निघणं एवढाच अभ्यास होता.

तू म्हणतेस, या गोळीने दुःख मरतं, श्राद्धाला डोळ्यांत पाणीही येणार नाही. दुःख जागच्या जागी आहे, अक्का. ह्यांचा चष्मा पुसायला घेतला की रडू येतंच. पूर्वी रडायला सवड नव्हती, हात धुवायचे असत. आणि पितरांच्या पानात कोणी रडू वाढत नाही, वडे वाढतात. ते ह्या वर्षी घरी होणार, माझ्या हातचे, गोळी चालू ठेवून. येणं न येणं तुझी मर्जी. मी आग्रह करणार नाही.

तुझी धाकटी,
सुनंदा

ता. क. आग्रह करते. आदल्या दिवशीच ये. तळताना मधेच मी नळाकडे निघाले तर मला दटावणारं माणूस हवं, आणि अद्वैत मला घाबरतो.

आणखी एक. भावोजींचा फोन आला होता. तू न्हाणीघरात होतीस, त्यामुळे त्यांना बोलायला सकाळभर वेळ मिळाला. त्यांच्यावर रागावू नकोस, त्यांनी तक्रार केली नाही. फक्त गोळीचं नाव विचारलं. मी सांगितलं नाही. म्हटलं, दुसऱ्याची गोळी घ्यायची नसते. श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंची वेळ घेतली आहे, तुझ्या नावावर. मी बरोबर येईन. मडीचं कारण सांगू नकोस, ते मी आधीच सांगून बघितलं आहे.