जरा कमीच दाबलं

प्रिय ताई,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहायला बसले आहे. "रिपोर्ट आला का गं?" एवढं विचारतेस, मी "नाही अजून" म्हणते, आणि पुढचं सगळं तूच बोलतेस. गिऱ्हाइकं ऐनवेळी ब्लाउजचा गळा कसा मोठा करून मागतात, भावजींनी चष्मा पुन्हा कुठे हरवला, शिवणयंत्राचा पट्टा कसा सारखा घसरतो. मला ते ऐकायला आवडतं. गेले नऊ दिवस तर जरा जास्तच आवडतंय, कारण तेवढा वेळ मला काही सांगावं लागत नाही.

त्या दिवशी तू माझ्याकडे मॅमोग्राफीला, म्हणजे छातीच्या तपासणीला आलीस याचंच मला अप्रूप होतं. तीन वर्षं मी मागे लागले होते आणि तीन वर्षं तुझं एकच, "मला काय धाड भरलीये!" अर्ध्या गावातल्या बायकांची मापं तोंडपाठ असलेली तू, पण स्वतःचे कपडे उतरवायची वेळ आली तशी मला म्हणालीस, "तिकडे तोंड कर." मी केलं. लहानपणी मला न्हाऊ घालणारी तू, आणि आता मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी. हसू येत होतं.

खोली मी आधीच उबदार करून ठेवली होती. मशीनची खालची प्लेट गार लागते, म्हणून तिच्यावर तळहात टेकवून ती कोमट करते. हे मी सगळ्यांसाठी करते. तुझ्यासाठी जरा जास्त वेळ हात ठेवला.

बायका मला रोज विचारतात, इतकं दाबायचं कशाला? मी तुझ्याच कामातलं उदाहरण देते. कापड दुमडलेलं असलं तर आतला डाग दिसतो का? पसरावं लागतं. आतही सगळं एकावर एक असतं. पसरलं की सुटं दिसतं, हलून चित्र पुसट होत नाही, आणि किरणंही कमी लागतात. वरची प्लेट खाली येते, तिचा बराचसा दाब पायाखालच्या कळीने आणायचा, शेवटचा हाताने चाकी फिरवून, अगदी हळू. मग बोटाने हलकी टिचकी मारून बघायची. कातडी ताणलेली लागली की झालं. पुढे चार-पाच सेकंद श्वास रोखायचा आणि प्लेट आपोआप वर जाते.

वीस वर्षांत "आई गं" ऐकून मी कधी हात आवरला नाही. "आई गं" वेगळं आणि "थांबा" वेगळं, ते कानाला कळतं. "थांबा" म्हटलं की मी थांबते, सैल करते, जरा बसवते, मग विचारते, पुन्हा करू या का?

तू "थांब" म्हणाली नाहीस. उलट डाव्या बाजूला "इस्त्री करतेस की काय गं मला!" म्हणून मलाच हसवलंस. पण उजवीकडे प्लेट खाली आली तेव्हा डोळे मिटलेस आणि खालचा ओठ दातात धरलास. सुई तुझ्या नखातून आरपार गेली होती तेव्हा अस्साच धरला होतास. मी सात वर्षांची होते. घाबरेन म्हणून तू तशातही माझ्याकडे बघून हसलीस. ते आठवलं आणि माझा हात चाकीवरून सुटला. टिचकी मारली नाही. "झालं ताई, श्वास रोख," म्हटलं. पडद्यावर चित्र बघताना दाब कमी पडल्याची शंका आली होती, नाही असं नाही. पण तू ब्लाउजची बटणं लावत म्हणत होतीस, "उगाच बाऊ करतात बायका, एवढं काही दुखत नाही," आणि मी मनाशी म्हटलं, चालेल. दारातून तू बोट नाचवत दम दिलास, "पुन्हा या मशीनचं नाव काढलंस तर तुझे कपडे शिवणं बंद!"

ताई, रिपोर्ट दुसऱ्याच दिवशी आला. डावी बाजू चांगली आहे. उजवीची चित्रं डॉक्टरबाईंनी परत पाठवली. दाब अपुरा, वाचता येत नाही, पुन्हा काढा. काही सापडलं म्हणून बोलावत नाहीये गं, नीट दिसलंच नाही म्हणून बोलावतेय. परक्या बाईच्या बाबतीत माझ्याकडून हे झालं नसतं. वर नऊ दिवस तुझ्याशी खोटं बोलले. त्याबद्दल जे बोलायचं ते बोल, कपडेही शिवू नकोस, पण ये. गुरुवारी सकाळी दहाची वेळ धरून ठेवली आहे. माझ्या इथल्या कामातल्या जोडीदारणीचा हात चांगला आहे, ती काढेल आणि मी बाहेर बसेन. माझाच हात हवा असेल तर मीच काढीन, पण मग दाब पुरा देईन. सोसेना तर तोंडाने "थांब" म्हण, त्याच क्षणी थांबेन. तुझ्या चेहऱ्याकडे मात्र बघणार नाही.

गुरुवारी दारात उभी असेन,
तुझीच धाकटी