धरणाला मारलेलं बूच

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (खरं तर सहाच अंगांचा धरावा. कंबर आणि उजवा खांदा सध्या माझ्या ताब्यात नाहीत. बरे झाले की त्यांचा नमस्कार वेगळा पाठवीन.) तुमचे गुडघे, मामींचा रक्तदाब आणि शेजाऱ्यांशी चाललेलं तुमचं भांडण, तिन्ही नेहमीसारखी असतील अशी आशा करतो. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. मागच्या मंगळवारी सकाळी नऊ ते साडेबारा नव्हतो, त्याची हकीकत सांगायला हे पत्र.

आमच्या वीजकेंद्रात नवे मोठे साहेब आले आहेत. जन्म बॉयलरघरात गेलेला, आणि तिथे थेंब गळला म्हणजे महापाप. आल्या आल्या त्यांनी केंद्रातल्या आणि वसाहतीतल्या झाडून सगळ्या नळांचे वॉशर बदलायला लावले, तेव्हापासून त्यांचं नाव वॉशरसाहेब. (पाठीमागे. समोर नुसतं साहेब, तेही मान खाली घालून.) खोटं कशाला बोलू, नळ सुधारले. पण माणसाला एकदा यशाची चटक लागली की तो नळावर थांबत नाही. त्यांच्या घरी बाईसाहेब कांदा चिरताना डोळे घाईघाईनं पुसून घेतात म्हणे. साहेबांनी पाहिलं तर फिटर बोलावतील ही धास्ती.

तर असे हे साहेब फिरत फिरत आपल्या धरणाच्या पायथ्याशी आले. आता मातीच्या धरणाबद्दल मी तुम्हाला सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. त्यातला थर न् थर तुम्ही उभं राहून दाबून घेतलात. मातीच्या पोटात थोडं पाणी झिरपणारच. ते वाळूतून गाळून पायथ्याच्या मोरीवाटे बाहेर काढून दिलं की आतल्या आत माती पोखरली जात नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. निवृत्त झालात त्या दिवशी मला मोरीपाशी उभं करून म्हणाला होतात, "हे पाणी वाहतंय आणि नितळ आहे तोवर खुशाल झोप. गढूळ झालं तर पळ. थांबलं तर आधी ओरड, मग पळ." तेव्हापासून एकोणीस वर्षं रोज सकाळी मी मोरीपुढच्या पत्र्याच्या खाचेत पट्टी धरतो आणि पाण्याची उंची वहीत लिहितो. बेचाळीस मिलिमीटर. त्रेचाळीस. पुन्हा बेचाळीस. (बायको म्हणते, माझा ताप कधी एवढ्या प्रेमानं मोजला नाहीत. मी म्हणतो, तुझा ताप उतरतो, याचं पाणी एकोणीस वर्षांत उतरलं नाही. यावर ती जे म्हणते ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.)

साहेबांनी मोरी पाहिली, खाच पाहिली, माझी वही पाहिली आणि म्हणाले, "म्हणजे एकोणीस वर्षं तुम्ही इथे उभे राहून गळती मोजताय? दुरुस्त करावी असं एकदाही वाटलं नाही?" मामा, तुमचा ऊर भरून येईल असं उत्तर मी दिलं. म्हटलं, साहेब, माणसाला घाम येतो म्हणून कुणी त्याच्या अंगाला बूच मारतं का? धरण जिवंत आहे, त्याला घाम येणारच. साहेबांना ते पटलंही. तरीही, मोठ्या कचेऱ्यांत जसं होतं तसं, एक चिठ्ठी निघाली, गवंडी आला, आणि शुक्रवारी मोरीच्या तोंडात सिमेंट ठासून गेला. चिठ्ठी कुठून निघाली, कशी निघाली, या तपशिलात तुमचा वेळ घेत नाही.

शनिवार, रविवार, सोमवार मी वहीत शून्य लिहिलं. साहेब इतके खूश, की पाहुण्यांना कोरडी मोरी दाखवायला घेऊन आले. पाहुण्यांनीही वाकून वाकून पाहिलं. (कोरड्या मोरीत काय दिसतं हे मी विचारलं नाही, मोठी माणसं बघतात म्हणजे काहीतरी असणार.)

मंगळवारी सकाळी नऊला कँटीनच्या मावशी तरातरा माझ्या खोलीत आल्या. मावशींचा रोजचा रस्ता धरणाच्या उतारावरून तिरपा जातो. 'उतारावरून चालण्यास मनाई आहे' ही पाटी मीच लावली आहे, आणि मावशी तिलाच धरून वर चढतात. त्या दिवशी त्यांच्या एकाच पायात चप्पल होती. "तुमच्या धरणानं माझी चप्पल गिळली," म्हणाल्या. "भर उन्हाळ्यात चिखल कसला हो तिथे?" मी विचारलं, कुठे? त्यांनी हात वर केला. मोरीपासून दोन पुरुष उंचीवर.

मामा, पाण्याला दार बंद दिसलं तर ते माघारी जात नाही, भिंत ओली करतं. धावत जाऊन पाहिलं तर चांगली अंगणाएवढी जागा मऊ पडलेली, आणि मधोमध मावशींची चप्पल. खाली पायथ्याला आमची दीडशे घरं, दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे. आणि पलीकडे वीजकेंद्र, ज्याची वाफ थंड करायला या तळ्याखेरीज दुसरं पाणी नाही.

तुम्ही सांगितलं होतं तसा आधी ओरडलो. पळालो मात्र नाही, कारण साहेबच समोरून पळत आले. माणूस हेकट आहे, पण ओल म्हणजे काय हे त्यांना दोनदा सांगावं लागलं नाही. चिखलात बोट घातलं, बाहेर काढलं आणि पांढरे पडले. भोंगा वाजवून वसाहत टेकडीवरच्या शाळेत हलवली. केंद्राचा भार निम्म्यावर आणला. मग मला म्हणाले, "फोडा ते." मी आणि तोच गवंडी, आळीपाळीनं पहार घालत होतो. (गवंडी प्रत्येक घावाला म्हणत होता, "काम मजबूत केलंय बरं का!" त्याच्या कामाची अशी जाहिरात मी कधी ऐकली नव्हती.) कंबर गेली ती इथे. बायको शिलाई मशीन उचलून शाळेकडे निघाली होती, ती जाता जाता थांबली. "एवढं मोठं तुमचं धरण, आणि बूच मारलं तरी कुणी?" मी पहार मारण्यात गुंग होतो.

शेवटी बूच फुटलं आणि पाणी आलं. गढूळ. आता हा तुंबलेल्या मोरीतला गाळ, की धरणाच्या पोटातली माती? गाळ असेल तर पाणी निवळेल. माती असेल तर तळं रिकामं करायचं, केंद्र बंद, आणि तेवढा वेळ तरी मिळेल का हे कुणालाच ठाऊक नाही. मावशींनी कँटीनमधून काचेचे ग्लास आणले. दर दहा मिनिटांनी एक भरायचा आणि कठड्यावर ओळीनं ठेवायचा.

पहिला ग्लास पाहून मावशी म्हणाल्या, "हा माझ्या चहापेक्षा दाट आहे." साहेब, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उभे, म्हणाले, "त्यात काही विशेष नाही, मावशी." एवढ्या संकटातही दोघांचं जमलं नाही. तिसरा जरा बरा. पाचवा त्याहून बरा. सातवा पुन्हा गढूळ झाला आणि कुणी कुणाकडे बघेना. आठवा साहेबांनी स्वतः भरला, आणि ज्या माणसानं जन्मभर थेंब थांबवले, तो पुटपुटत होता, "ये बाबा, ये." दहावा फिकट. अकरावा जवळजवळ नितळ. बाराव्या ग्लासातून साहेबांनी मावशींच्या हिशेबाच्या पाटीवरची अक्षरं वाचून दाखवली. पट्टी लावली, अठ्ठेचाळीस. वर चिखलाच्या कडा सुकायला लागल्या होत्या.

साहेब कठड्यावर मटकन बसले. "गळतंय ना?"

"गळतंय, साहेब."

"छान गळतंय," ते म्हणाले, आणि मावशींनी दिलेला चहा नाव न ठेवता प्यायले.

मामींना नमस्कार. धाकट्यांना आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक (हा शब्द जरा पुढे वाचून मग मानावा)
भाचा

ता. क. साहेबांनी मोरीवर नवी पाटी लावली आहे: 'ही गळती मुद्दाम ठेवलेली आहे. कृपया दुरुस्त करू नये.' मावशींच्या वाटेवर दगडी पायऱ्या बांधायलाही सांगितलं. गवंडी तोच.

आणखी एक. साहेबांना तुम्हाला भेटायचं आहे. नव्या इंजिनियरांना मोरीपाशी उभं करून तुम्ही एक दिवस शिकवावं म्हणतात. शनिवारी जीप येईल. नाही म्हणू नका, गुडघ्यांसाठी खुर्ची ठेवतो.

आणि पत्राचं खरं कारण. घामाचं ते उत्तर मला सुचलं होतं, पण साहेब गेल्यावर, जिन्यात. समोर मी म्हणालो, "हो साहेब, लगेच करून घेतो." चिठ्ठीवर अक्षर माझं, सही माझी. माझ्या बढतीचा कागद त्यांच्या टेबलावर होता, दुसरं काही नाही. साहेब सगळा दोष स्वतःवर घेऊन मोकळे झाले, त्यामुळे मला कुणी विचारत नाही. बायकोनं एकदा विचारलं, नंतर पुन्हा न विचारता कंबरेला तेल चोळून दिलं, म्हणजे तिला कळलंय. तेव्हा एवढं करा. शनिवारी सगळ्यांसमोर, लहानपणी विचारायचात तसं दरडावून विचारा, "काय रे, हे सांगायला तुझं तोंड कुठे गेलं होतं?" आपणहून सुरुवात करायला मला जमत नाही. तुम्ही विचारलंत की खरं बोलल्याशिवाय माझी सुटका होत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

आज सकाळी बेचाळीस. नितळ. पत्र बायकोच्या हाती देतो आहे. माझ्या हाती ठेवलं तर जिन्यातूनच परत यायचं.