बाबांचे तीसपैकी अठ्ठावीस

३ ऑगस्ट, रविवार

बाबांना तीसपैकी अठ्ठावीस! सलग चौथा रविवार.

साठीपुढच्यांच्या सर्वेक्षणाचं ॲप मी लिहिते — कोण स्वतः आंघोळ करतं, कोण जिने चढतं, कोणाला काय आठवतं. जगतपुरा आणि चाकसूत घरोघरी फिरणाऱ्या टीमला पाठवण्याआधी प्रत्येक आवृत्ती घरी तपासते. बाबांवर. तीस गुणांची स्मरणचाचणी: पाच शब्द सांगायचे, दहा मिनिटांनी विचारायचे, शिवाय इतर प्रश्न. विमा कंपनीत अडतीस वर्षं काढलेला माणूस, परीक्षेला इस्त्रीचा शर्ट घालून बसतो.

आई म्हणाली, "माझी घे की कधी. नापास झाले तर स्वयंपाक बंद. मतलब, फायदाच!"

६ ऑगस्ट

दुपारी अनोळखी नंबर. ई-रिक्षावाला. "मैडम, अंकलजी को याद नहीं आ रहा, जाना कहाँ है."

आईची सांधायला दिलेली बांगडी आणायला बाबा चारदीवारीत, जुन्या शहरात, गेले होते. पावती खिशातच होती. मी आणायला गेले; परत येताना माझा हात धरून बसले. "ऊन फार होतं गं."

आभाळ सकाळपासून भरलेलं होतं.

अठ्ठावीस मिळवणाऱ्या माणसाचं असं होत नाही. तेवढंच धरून ठेवलं आहे.

७ ऑगस्ट

बाबांच्या शर्टाची बटणं आई लावते. कधीपासून?

१० ऑगस्ट, रविवार

एकोणतीस. बुधवारी रस्ता विसरलेल्या माणसाचे गुण रविवारी वाढत नाहीत.

यादी बदलली. नवे पाच शब्द सावकाश वाचले. दहा मिनिटांनी विचारलं. बाबा सावरून बसले. "कंदील, विहीर, रेशीम, पोपट, दार."

जुनी यादी. क्रमासकट. नव्यातला एकही नाही.

म्हणजे पाच रविवार मी तपासत नव्हते, शिकवत होते. एकाच माणसाला तीच यादी पुन्हा देऊ नये — घरोघरी जाणाऱ्या टीमला हा नियम मीच लिहून दिलाय. घरी मोडला. कारण अठ्ठावीस मला हवे होते.

रक्तदाब, साखर, कमी ऐकू येणं, माणसांत न मिसळणं — स्मृतिभ्रंशाच्या धोक्याचे हे रकाने ॲपमध्ये मीच बनवले. बाबा कितीत बसतात ते कधी मोजलं नाही. आज मोजलं. तीन.

भीती वाटते. याहून अचूक लिहिता येत नाही.

१२ ऑगस्ट

मेंदूच्या डॉक्टरांची गुरुवारची वेळ घेतली. बाबांना डोळे तपासायला म्हणून नेईन. आईला उद्या सांगते. तिला धक्का बसेल.

१३ ऑगस्ट

आईला गुरुवारचं सांगितलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांची डॉक्टरांची जुनी फाइल घे बरोबर. माझ्या साड्यांखाली आहे."

फाइल उघडली: बाबांना दिवाळीपासून विस्मरणावरची गोळी चालू आहे.

"तू घाबरशील म्हणून दर शनिवारी माझ्यासमोर बसून तुझे रविवारचे शब्द पाठ करतात. नाही आले की रडतात."