रांजणाखालचं खमीर

कॅम्प-१, भिलाई
२४ एप्रिल १९६१

ती. सिंधुताईंना,

ललिताचा जयभीम. आम्ही दोघं तब्येतीनं बरे आहोत. कृष्णराव भाऊजींचा गुडघा आता कसा आहे? यार्डात दिवसभर उभं राहायचं म्हणजे तो बरा तरी कधी होणार! नलूचा पेपर कसा गेला तेही कळवा.

तुमचं पत्र मिळून बरेच दिवस झाले. घरात काम फार, म्हणून उत्तराला उशीर झाला, असं लिहिणार होते. पण काम काहीच नाही. रशियन बंगल्यावर मी आता जात नाही. दुपारभर खाट सावलीला ओढते, पुन्हा आत ओढते. कोक ओव्हनच्या बाजूनं वारा आला की वाळलेलं पातळ परत काळं होतं, ते धुते. तेवढंच.

तुमच्या पत्राच्या तळाशी एक ओळ होती, आनंदा पुन्हा सुरू झाला काय? शेजारच्यांचा लहानू गाडीवर खलाशी आहे, त्यानंच ही बातमी नागपूरला पोचवली असणार. ताई, आधी एवढं वाचा आणि मग बाकीचं. तुमचा भाऊ प्यालेला नाही. दीक्षेच्या दिवशी पांढरं पातळ नेसून तुम्ही त्याला शेजारी उभं केलंत, तेव्हापासून आजपर्यंत एक थेंब नाही.

मग सगळा कॅम्प तसं का म्हणतो, ते सांगायचं आहे. मघापासून तीनदा उठून रस्त्याकडे पाहून आले. यांची पाळी सुटून बराच वेळ झाला, अजून पत्ता नाही. हल्ली असंच होतं.

मी ज्यांच्याकडे कामाला होते त्या तमाराबाई. त्यांचे साहेब रोलिंग मिलमध्ये इंजिनीअर. दोघं घरीच बिअर करायचे. पावर हाउसच्या बाजारातून जव आणून मी ते भिजवायचे, मोड आणायचे, वाळवून भरडायचे. त्याचं पाणी उकळून त्यात देशाहून आणलेली कसली तरी वाळकी हिरवी फुलं टाकायची. तिथवर सगळं साधं. पण ते आंबवायला लागतं खमीर, आपल्या दह्याला विरजण लागतं तसं. ते तमाराबाईंच्या आईच्या घरचं होतं, कापडावर वाळवून बोटीनं आणलेलं. बिअर काढली की भांड्याच्या तळाशी गाळ उरायचा. त्यात उकळून निवलेलं पाणी घालून हलवायचं, जड घाण खाली बसू द्यायची, वरचं पांढरं पाणी दुसऱ्या बाटलीत घ्यायचं. असं धुता धुता खरवसाच्या रंगाचा साका उरतो. तेच जिवंत खमीर. बाटलीला बूच लावायचं नाही, कापसाचा बोळा लावायचा, कारण ते श्वास सोडतं आणि बाटली फुटते. अधूनमधून जवाचं पाणी पाजायचं. हे सगळं मला इतकं छान जमायला लागलं की बाई मला ‘डॉक्टर’ म्हणायच्या. आवडायचं मला ते, खोटं कशाला बोलू.

फेब्रुवारी संपता संपता ते दोघं सुट्टीवर आपल्या देशाला निघाले. बंगला बंद, वीज बंद, म्हणजे फ्रिजही बंद. बाईंनी बाटली माझ्या हातात ठेवली आणि त्यांच्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या, “ललिता, ये मेरा माँ का. मरना नहीं.” नाही म्हणायला हवं होतं. आमच्या घरात ती वस्तू आणायची नव्हती हे मला त्या क्षणीच कळत होतं. पण डॉक्टर म्हणवून घेतलं होतं ना.

रांजणाखाली ओली वाळू असते, तिथे पुरून वर गोणपाट टाकलं. हे ड्यूटीवरून आले आणि दारातच थांबले. “काय ठेवलं व घरात?” म्हणाले. मी म्हटलं, विरजण. ताई, ज्यानं मोहाच्या भट्टीवर उमेदीची वर्षं घालवली त्याला विरजण कशाचं ते सांगावं लागत नाही. त्यांना कळलं होतं आणि त्यांना कळलं हे मलाही कळलं होतं, पण आम्ही दोघंही गप्प बसलो.

पुढे ऊन वाढलं तसा त्याचा वास घरभर व्हायला लागला आणि मला यांची धास्ती वाटायला लागली. मी ठरवलं, पाजायचंच नाही त्याला काही. उपाशी मरेल, उन्हानं गेलं म्हणून सांगू. पण गोणपाट उचलावं तर साक्यावर ताजा फेस! कोणीतरी त्याला खायला घालत होतं. आणि घरात माझ्याशिवाय एकच माणूस.

मग मी काय काय केलं ते विचारू नका. हे रोज संध्याकाळी मागच्या दारी रांजणाजवळ जाऊन बसायचे, तेव्हा मी आतून कान देऊन ऐकायचे. लोटा जागेवर आहे का बघायचे. यांचा सदरा धुवायला घेताना नाकाला लावायचे. कोळशाचा वास यायचा, दुसरा कसला नाही, तरी पटायचं नाही. विहाराच्या समितीनं यंदा बुद्धपौर्णिमेला पंचशील द्यायचा मान यांना दिला होता. दारूपासून दूर राहायचं पाचवं शील यांच्या तोंडून सगळा कॅम्प म्हणणार, आणि हा माणूस घरी रांजणाखाली काय करतो? माझं डोकं फिरलं होतं.

एका दुपारी भाताची पेज उकळत होती. पातेलं उचललं आणि उकळती पेज त्या बाटलीत ओतली. काच तडकली नाही. कापसाचा बोळा परत लावून ठेवला, जसं काही झालंच नाही.

हे आले ते हातात कागदाचा पुडा घेऊन. भरडलेले जव होते त्यात. थेट मागे गेले, आणि मला त्यांचा आवाज ऐकू आला नाही म्हणून मी पाहायला गेले. बाटली त्यांच्या हातात होती, अजून गरम.

म्हणाले, “तिनं आपल्या भरवशावर ठेवलं होतं. मेलं असतं तं म्हणाले असते, ह्या लोकायनं पेऊन टाकलं. म्हणून जगवून राहिलो होतो.”

मी काहीतरी बोलले असेन, वाटलं होतं म्हणून वगैरे.

“काय वाटलं तुले, थे समजलं,” म्हणाले. आणि पुडा चुलीजवळ ठेवून आंघोळीला गेले.

तमाराबाई आल्या त्याच दिवशी हे स्वतः बाटली घेऊन बंगल्यावर गेले. मी मागे उभी. यांनी सांगितलं, मेरे हाथ से खराब हुआ. बाईंनी बाटली नाकाशी नेली आणि आत गेल्या. साहेब मात्र हसले. रागावले असते तर किती बरं झालं असतं! पाठीवर थाप मारून म्हणाले, “पी गया? अच्छा किया, आनंद!” त्यांच्या लेखी ती मित्राची थट्टा. पण बागेत शालिकराम माळी पाणी घालत होता, आपल्याच समितीतला. यांनी नाही म्हटलं नाही. मी तोंड उघडणार तोच यांनी मला डोळ्यांनी थांबवलं.

दोन दिवसांत सगळ्या कॅम्पभर झालं. समितीचे भय्याजी घरी आले, फार गोडीनं बोलले, चहा घेतला, म्हणाले यंदा पंचशील दुसरं कोणी देईल. हे “बरं” म्हणाले. भय्याजी गेल्यावर मी यांना म्हटलं, तुम्ही खरं का नाही सांगत, मी सांगते. तर म्हणाले, “काय सांगशीन? बायकोनं कावून मारलं, हे इचारतीन ना. लोकायनं मले पेलेला समजलं तं चालते. तू समजली, थे कोणाले सांगाचं नाही.”

ताई, हे वाक्य मला सुखानं बसू देत नाही. तेव्हापासून हे डबल पाळी करतात, घरी उशिरा येतात, मागच्या दारी बसत नाहीत. माझी भीती आता वेगळी आहे. ज्याला सगळेच पिणारा म्हणतात तो आणखी किती दिवस कोरडा राहील? नाल्यापलीकडे भट्टी आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. आजही अजून आले नाहीत. शेजारची हिरा मघाशी डोकावून गेली, तिच्या तोंडावर मला तीच शंका दिसली आणि मी दार लोटून घेतलं.

रविवारी पौर्णिमा. पंचशील सुरू व्हायच्या आधी मी विहारात उभी राहून सगळं सांगणार आहे. यांनी मना केलं आहे. सांगितलं तर यांची अब्रू परत येते, पण जे यांना सगळ्यात जास्त लागलं तेच मी चारचौघांत उघडं करते. नाही सांगितलं तर माझी लाज यांच्या अंगावर राहते. मला दुसरं काही सुचत नाही. म्हणून तुम्हाला लिहायला बसले, की तुम्ही ह्यातलं काय केलं असतं.

*

पत्र मधेच ठेवलं होतं. हे आले.

यांना सांगून टाकलं, सिंधुताईंना लिहिते आहे आणि रविवारी बोलणार आहे. यांनी पाय धुतले, पण जेवायला बसले नाहीत. भिंतीला टेकून बसले. मला वाटलं आता ओरडतील. तसं झालं असतं तर मला सोपं गेलं असतं.

मग म्हणाले, “बोलशीन तं पूर्ण बोल. मी त्याच्यापाशी रोज कावून बसत होतो, थेही सांग.”

मी म्हटलं, त्याला जगवायला ना.

“जगवाले इतका वेळ लागते काय? मले दारू पाह्यजेन वाटे. त्याचा वास आला का रोज पाह्यजेन वाटे. पाच वर्षं झाली, एक दिवस असा गेला नाही. तिथं बसत होतो, अन् रोज उठून येत होतो. थे तुले माहीत नाही, सिंधूलेबी माहीत नाही.”

पाच वर्षं एका घरात राहून मला माहीत नव्हतं, ताई. मला वाटत होतं, एक तर दारू सुटली आहे, नाही तर लपून चालू आहे. तिसरं काही असू शकतं हे माझ्या डोक्यात आलंच नाही. मी यांच्याजवळ जाऊन बसले. दोघंही रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

आता हे निजले आहेत. रविवारी मी माझं सांगेन, आणि यांचं हे स्वतः सांगणार म्हणतात. लोक काय करतील कोण जाणे. काही हसतील, भय्याजी खाली पाहतील. तुम्ही शनिवारच्या पॅसेंजरनं या. भाऊजींना रजा मिळाली नाही तर एकट्या या, हे दुर्गला उतरवून घ्यायला येतील. तुमचा भाऊ उभा राहील तेव्हा मागच्यासारख्याच त्याच्या शेजारी असा. दुसऱ्या बाजूला मी आहे.

तुमच्या भावाची बायको,
ललिता